तक्त्यातल्या मधल्या ओळी

मागच्या महिन्यात भाच्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर दोन ओळींचा एक तक्ता होता. वरच्या ओळीत मे १९९७, अ‍ॅमेझॉनचा आयपीओ (म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री), १८ डॉलर भावाने घेतलेले हजार डॉलरचे शेअर. खालच्या ओळीत त्याचे आज झालेले पैसे, वीस लाख डॉलरच्या पुष्कळ वर. "मामा, तू तर तेव्हा तिकडेच होतास ना? मग?" एवढंच म्हणाला तो. त्यात टोमणा नव्हता, खरंखुरं कुतूहल होतं. मी मनातल्या मनात हिशेब तपासला. १९९८ मध्ये शेअरची विभागणी होऊन एकाचे दोन झाले, १९९९ मध्ये आधी तीन आणि मग पुन्हा दोन, आणि २०२२ मध्ये वीस. म्हणजे सुरुवातीच्या एका शेअरचे आज २४०. तक्ता बरोबर होता. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, आणि तरीही तो डोळ्यांपुढून हलेना.

त्या दोन ओळींच्या मध्ये काहीच नव्हतं.

त्या वर्षांत मी अमेरिकेत सॉफ्टवेअरची नोकरी करत होतो आणि एका मित्राबरोबर दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. आमच्या संध्याकाळी मला आवाजांनी आठवतात. मोडेमची ती किरकिर, मग एक लांब खरखर, मग शांतता, म्हणजे जोडणी झाली. टीव्हीचा आवाज बंद असायचा, खालच्या पट्टीवरून भाव सरकत राहायचे, आणि आम्ही जेवताजेवता मान वर करून आपल्या शेअरची अक्षरं येण्याची वाट बघायचो. संगणकावर दिसणारा भाव वीसेक मिनिटं जुना असायचा. अमेरिकेतले शेअरचे भाव तेव्हा अपूर्णांकांत छापले जायचे, पाव, अष्टमांश, सोळावा हिस्सा. दशांश पद्धत सगळीकडे आली ती २००१ मध्ये. आम्ही ते आपल्या सवयीने सव्वातेवीस, पावणेपंचवीस असं वाचायचो. भाव सोळाव्या हिश्शापर्यंत नेमका ठाऊक, आणि तो शेअर मुळात किती मोलाचा याबद्दल मात्र जगातली दोन शहाणी माणसं एकमेकांच्या जवळपासही नसायची. या विसंगतीची मला तेव्हा ओढ लागली, ती अजून सुटलेली नाही.

इंटरनेट कंपन्यांच्या शेअरच्या त्या तेजीची, म्हणजे डॉट-कॉमच्या काळाची सुरुवात नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने केली, असं सगळेच मानतात. ऑगस्ट १९९५ मध्ये २८ डॉलरला विकलेला शेअर पहिल्याच दिवशी ७५ डॉलरच्या आसपास जाऊन सव्वाअठ्ठावन्नला बंद झाला. कंपनी जेमतेम सोळा महिन्यांची, नफा नाही. नंतर याहू आली, अ‍ॅमेझॉन आली, आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये द-ग्लोब-डॉट-कॉम नावाची कंपनी आली, जिचा ९ डॉलरचा शेअर पहिल्या दिवसअखेर साडेत्रेसष्टला होता. पण आमच्या घरातला वाद खरा पेटला तो त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. हेन्री ब्लॉजेट नावाच्या एका तरुण विश्लेषकाने अ‍ॅमेझॉनच्या शेअरच्या भावाचं लक्ष्य १५० वरून उचलून ४०० डॉलरवर नेलं. भाव तेव्हा २४० च्या आसपास होता. त्याच सुमाराला मेरिल लिंच या बड्या दलाली कंपनीचा विश्लेषक जोनाथन कोहेन सांगत होता की हा शेअर ५० डॉलरचा आहे. एकच कंपनी, तेच ताळेबंद, त्याच तिमाहीचे आकडे, आणि एका माणसाचं उत्तर दुसऱ्याच्या आठपट. महिन्याभरात भाव ४०० च्या पार गेला आणि थोड्याच दिवसांत मेरिल लिंचमध्ये ब्लॉजेट आला.

मित्र हिशेबी होता. भावनेच्या भरात काही विकत घेणारा नव्हे. तो पिवळ्या कागदांचं पॅड घेऊन जमिनीवर बसायचा आणि पेन्सिलीने रकाने आखायचा. दहा वर्षांनी विक्री किती होईल, त्यावर नफ्याचं प्रमाण किती, त्या नफ्याला बाजार किती पट देईल, आणि आलेली रक्कम आजच्या पैशांत किती. चार रकाने. रबराचा भुगा गालिच्यावर पडत राहायचा. विक्री १० अब्ज डॉलर, नफा पाच टक्के, वीसपट, म्हणजे कंपनी १० अब्जांची. मग तो नफा दहा टक्के करायचा आणि पट तीस, की लगेच ३० अब्ज. मी चौथ्या रकान्यावर अडायचो. दहा वर्षांनंतरचा डॉलर आज किती धरायचा? वर्षाला १२ टक्क्यांनी वजावट केली तर आलेल्या रकमेला ३.१ ने भागायचं. पण ही कंपनी दहा वर्षं तग धरेल याचीच शाश्वती नाही, म्हणून मी २० टक्के म्हणायचो, म्हणजे ६.२ ने भागायचं. तेवढ्या एका आकड्याने किंमत निम्म्यावर यायची. तो चिडायचा. "अरे, तू कंपनीबद्दल बोलतच नाहीयेस, तुझ्या भीतीबद्दल बोलतोयस." मी म्हणायचो की भीतीलाही दर असतो. बाजारात तुरी असताना घरात दोघांचं भांडण, आणि तेही रात्री एकपर्यंत.

पण ते भांडण उथळ नव्हतं, हे आज मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. डॉट-कॉमच्या काळाबद्दल आता असं बोललं जातं की सगळ्यांना वेड लागलं होतं आणि कुणी आकडेमोड करतच नव्हतं. आकडेमोड भरपूर चालली होती. न्यूयॉर्क विद्यापीठातले अश्वथ दामोदरन हे मूल्यांकनाचे प्राध्यापक. त्यांनी जानेवारी २००० मध्ये अ‍ॅमेझॉनची किंमत सुमारे ३५ डॉलर काढली होती, बाजारात भाव ८४ असताना. तोट्यातल्या कंपनीचं मूल्यांकन करताच येत नाही, असं म्हणून त्यांनी हात वर केले नाहीत. वाढ, नफ्याचं प्रमाण, भांडवलाचा खर्च, बुडण्याची शक्यता, सगळं मांडून त्यांनी ते केलं. नंतर भाव त्या ३५ च्या आकड्यावरून खाली गेला आणि काही वर्षांनी त्याच आकड्यावरून वर गेला. दोन्ही वेळा तिथे थांबला मात्र नाही.

कधी कधी साधी वजाबाकीही बाजाराला जमत नव्हती, हेही खरं. २ मार्च २००० ला पाम ही हातात मावणारे छोटे संगणक बनवणारी कंपनी बाजारात आली. तिची मालक थ्रीकॉम. जेमतेम पाच टक्के शेअर विकले गेले, बाकीचे पुढे थ्रीकॉमच्याच भागधारकांना वाटायचे होते, प्रत्येक शेअरमागे पामचे साधारण दीड. त्या दिवशी पाम ९५ डॉलरला बंद झाला. म्हणजे थ्रीकॉमचा शेअर किमान १४२ चा हवा. तो होता ८२ च्या खाली. उरलेली थ्रीकॉम, तिचा चालू धंदा, तिच्या बँकेतली रोकड, या सगळ्याची किंमत बाजाराने शेअरमागे उणे साठ डॉलर ठरवली होती. मित्राने ती वजाबाकी केली, पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. कारण नंतर नीट उलगडलं. विकायला शेअर इतके थोडे की ज्यांना पाम महाग वाटत होता त्यांना तो उसना घेऊन विकताच येईना. भाव ठरवत होते फक्त हवा असणारे लोक. नको म्हणणाऱ्यांच्या मताला बाजारात यायला दारच नव्हतं. त्या काळातल्या कित्येक आयपीओंचं हेच होतं, पाममध्ये ते उघड दिसलं इतकंच.

याहूचं प्रकरण मला याहून अवघड वाटतं, कारण तिथे वेडेपणा सहज दिसत नव्हता. याहू नफ्यात होती. लोक रोज तिच्या पानांवर येत होते, जाहिरातदार रांगेत उभे होते. २००० च्या सुरुवातीला तिचं बाजारमूल्य १०० अब्ज डॉलरच्या वर होतं, वर्षाच्या विक्रीच्या शंभरपटीहूनही जास्त, पण निदान विक्री खरी होती. विक्री खरी होती का? जाहिराती देणाऱ्यांत कोण कोण होतं ते बघितलं की पोटात गोळा यायचा. इतर डॉट-कॉम कंपन्या. त्यांना पैसे मिळाले होते गुंतवणूकदारांकडून, याहूसारख्या कंपन्या वाढताना पाहून. ते पैसे त्या याहूला जाहिरातींपोटी देत होत्या. याहूची विक्री वाढली म्हणून शेअर वाढत होता, आणि शेअर वाढला म्हणून नव्या डॉट-कॉमना पैसे मिळत होते. पैशांचं हे वर्तुळ फिरत होतं तोवर प्रत्येक ताळेबंद स्वतंत्रपणे तपासला तरी बरोबरच निघणार. २००० मध्ये याहूची विक्री १११ कोटी डॉलर झाली, २००१ मध्ये ती ७१ कोटी ७० लाखांवर आली. वापरणारे लोक कमी झाले नव्हते. वर्तुळातले पैसे संपले होते.

इथे येऊन माझं मत पक्कं झालं, आणि ते इतक्या वर्षांत बदललेलं नाही. आम्ही सगळे, तेजीवाले आणि मंदीवाले दोघेही, दूरच्या टोकाबद्दल भांडत होतो. २०१० मध्ये किती लोक इंटरनेटवरून पुस्तकं घेतील, कुणाकडून घेतील, नफा किती सुटेल. निकाल मात्र लागला जवळच्या टोकाला, पुढच्या वर्षभरात हातात रोकड किती आहे यावर. मार्च २००० च्या मध्यावर बॅरन्स या साप्ताहिकाने २०७ इंटरनेट कंपन्यांची रोकड आणि खर्चाचा वेग ताडून एक यादी छापली होती. त्यातल्या किमान ५१ कंपन्यांचे पैसे वर्षभरात संपणार होते. त्या लेखात कुणाची कल्पना चांगली नि कुणाची वाईट, याची चर्चा नव्हती. होता तो फक्त भागाकार: शिल्लक भागिले दर तिमाहीला जळणारे पैसे. आमच्या पिवळ्या पॅडवर चार रकान्यांत या भागाकाराला जागाच नव्हती. ईटॉइज ही खेळणी विकणारी कंपनी, जिचा २० डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी ७६ च्या वर बंद झाला होता, मार्च २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. घरपोच किराणा देणारी वेबव्हॅन त्याच वर्षी जुलैमध्ये गेली. इंटरनेटवरून खेळणी आणि किराणा विकला जाईल हे त्यांचं भाकीत आज कुणी खोटं म्हणेल का?

अ‍ॅमेझॉन वाचली ती कशामुळे, हे मी पुढे फार बारकाईने वाचलं. तिच्या धंद्याची एक खुबी होती. गिऱ्हाईक पुस्तकाचे पैसे लगेच कार्डाने देतं, आणि प्रकाशकाला पैसे द्यायचे ते महिन्या-दीड महिन्याने. मधल्या काळात ते पैसे कंपनीकडे फिरत राहतात. विक्री वाढत असेल तर हे खेळतं भांडवल फुकटात वाढत जातं. पण वाढ थांबली किंवा पुरवठादाराने उधारी नाकारली, की हेच चाक उलटं फिरतं. लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेतले रवी सुरिया यांनी जून २००० मध्ये नेमका याच जागेवर बोट ठेवलं. ते रोख्यांचे, म्हणजे कंपनीने घेतलेल्या कर्जाच्या कागदांचे विश्लेषक. शेअरवाला विचारतो, दहा वर्षांनी हे केवढं होईल? रोखेवाला विचारतो, माझे पैसे ठरल्या तारखेला परत येतील का? त्यांच्या अहवालाने भाव एका दिवसात जवळपास पाचव्या हिश्शाने कोसळला. कंपनीने तो अहवाल फेटाळला. कंपनी तगली म्हणून सुरिया चुकले, असं पुष्कळ लोक मानतात. मला तसं वाटत नाही. त्याच फेब्रुवारीत, बाजार शिखरावर पोचायच्या जेमतेम महिनाभर आधी, अ‍ॅमेझॉनने युरोपात परिवर्तनीय रोखे (पुढे शेअरमध्ये बदलून घेता येणारे) विकून ६९ कोटी युरो उभे केले होते. २००० सालअखेर तिच्याकडे साधारण ११० कोटी डॉलर होते आणि त्या वर्षीचा तोटा होता १४१ कोटी. त्या शिलकीतून फेब्रुवारीचे पैसे वजा करून बघा. उरलेल्या चाळीसेक कोटींवर पुरवठादारांचा धीर टिकला असता का? १० मार्चला नॅस्डॅक हा बाजाराचा निर्देशांक ५०४८ ला बंद झाला आणि त्यानंतर पैसे उभे करायचं ते दार बंदच झालं. ऑक्टोबर २००२ मध्ये नॅस्डॅक १११४ वर होता. एप्रिलमध्ये तेच रोखे घेऊन कंपनी बाजारात गेली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर कुठल्याही मूल्यांकनात सापडत नाही. ईटॉइज आणि अ‍ॅमेझॉन यांच्यातलं सगळं अंतर गुणवत्तेचं होतं असं सांगणाऱ्याला मी त्या फेब्रुवारीची आठवण करून देतो.

मित्राने शेअर घेतले होते १९९९ च्या उन्हाळ्यात, नंतरच्या विभागणीच्या हिशेबाने पन्नास-साठ डॉलरच्या दरम्यान. डिसेंबरमध्ये भाव १०६ च्या वर बंद झाला. तेव्हा त्याने विकले नाहीत, कारण त्याचा रकाना दहा वर्षांचा होता. २००० मध्ये भाव ऐंशी टक्क्यांहून जास्त पडला. अ‍ॅमेझॉनचा संस्थापक जेफ बेझोसने भागधारकांच्या पत्राची सुरुवातच वेदनेच्या एका उद्गाराने केली आणि पुढे लगेच लिहिलं की गिऱ्हाइकं वाढली, विक्री वाढली, कंपनी वर्षापूर्वीपेक्षा मजबूत आहे. मित्राने ते पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याचा आवाज तेव्हाही डळमळला नव्हता. डळमळला तो २००१ मध्ये, आणि शेअरमुळे नव्हे. तो ज्या कंपनीत काम करायचा तिची बहुतेक गिऱ्हाइकं डॉट-कॉम होती. एकेक बुडत गेलं आणि एका सकाळी त्याची नोकरी गेली. व्हिसा नोकरीला बांधलेला, भाडं दर महिन्याला, घरी पैसे पाठवायचे ते वेगळेच. त्याचा पगार आणि त्याचे शेअर एकाच विहिरीतून पाणी पीत होते हे आम्हा दोघांनाही तेव्हा कळलं. सप्टेंबरअखेर अ‍ॅमेझॉन सहा डॉलरच्याही किंचित खाली बंद झाला. त्यानंतर काही दिवसांत, एक आकडी भावाला, त्याने सगळे विकून टाकले. फोनवर विक्रीची ऑर्डर देताना त्याने आकडा दोनदा सांगितला, पलीकडच्या माणसाने तो परत म्हणून घेतला, आणि व्यवहार झाला. मग त्याने भाताचा कुकर लावला.

भाच्याच्या तक्त्यासमोर हा माणूस मूर्ख ठरतो. मला ते सहन होत नाही. त्याने कंपनीबद्दल जे जे लिहिलं होतं ते ते घडलं, किंबहुना त्याहून जास्त घडलं. जानेवारी २००२ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपला पहिला तिमाही नफा जाहीर केला, ५० लाख डॉलर, शेअरमागे एक सेंट. तोवर तो भारतात परतला होता आणि नव्या नोकरीत रुळत होता. विश्वास कमी पडला म्हणून त्याने विकले नाहीत, भाडं द्यायचं होतं म्हणून विकले. "धरून ठेवायला हवं होतं" म्हणणाऱ्याने आधी हे सांगावं की त्या महिन्यांत जेवायचं कशावर.

आणि ज्याने धरून ठेवले त्याचं काय? डिसेंबर १९९९ मधल्या त्या शिखराच्या वर अ‍ॅमेझॉनचा भाव पुन्हा बंद झाला तो ऑक्टोबर २००९ मध्ये. विक्री १९९९ मध्ये १६४ कोटी डॉलर होती, २००९ मध्ये ती साधारण २४५० कोटी झाली, आणि ७२ कोटींच्या तोट्याच्या जागी ९० कोटींचा नफा आला. धंदा पंधरापट, भाव जिथल्या तिथे. तेजीवाल्यांचं कंपनीबद्दलचं प्रत्येक म्हणणं खरं ठरलं आणि शिखरावर घेणाऱ्याला दहा वर्षांत काहीही मिळालं नाही, कारण ती दहा वर्षं त्याने १९९९ मध्येच मोजून दिली होती. उलट ज्याने मे १९९७ मध्ये घेतले, त्याला १९९९ पर्यंतच्या विभागण्यांच्या हिशेबाने शेअर दीड डॉलरला पडला होता. सहा डॉलरच्या तळातही तो चौपटीत होता. भाच्याचा तक्ता त्याच्या बाजूने सुरू होतो. पण त्या काळात तिथे असलेल्या बहुतेकांनी विकत घेतलं ते पुढे, गर्दी झाल्यावर. मित्राची पहिली ओळ पन्नासच्या वर आहे.

मी भाच्याला शेवटी मधल्या काही ओळी लिहून पाठवल्या, तारखा आणि भाव, बाकी काही नाही. त्याने मित्राचा नंबर मागितला आणि दोघं तासभर बोलले म्हणे. मित्राने त्याला चार रकान्यांचा हिशेब शिकवला, पाचवा रकाना रोकडीचा जोडून. वजावटीचा दर मात्र त्याने अजूनही १२ टक्केच सांगितला. तो दर २० हवा हे मी भाच्याला त्याच रात्री कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी मित्राचा मला फोन आला. दहा वर्षं टिकलेली कंपनी डोळ्यांसमोर असताना तू २० कशाच्या जोरावर म्हणतोस, असा त्याचा सवाल. मी म्हटलं, तू टिकलेल्या एका कंपनीकडे बघून दर ठरवतोयस, मी त्या ५१ धरून ठरवतोय. तो म्हणाला, मग सगळ्या २०७ धर आणि पुन्हा मांड. ते मांडायला मी बसलोय.